ठेवलं असेल मी

फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराचं एक लोहचुंबक होतं, कोकणच्या सहलीत घेतलेलं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते काढून मी आईच्या भांड्यांच्या बुडाला एकेक करून लावत बसलो होतो. चिकटलं की भांडं ओट्यावर, नाही चिकटलं की खाली फरशीवर. तासाभरात फरशी भरली आणि ओट्यावर जेमतेम पाच-सहा भांडी उरली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पितळी पातेलं खाली ठेवलं तेव्हा एवढंच म्हणाली, "त्याला काय झालंय? चांगलं आहे की ते." मग मी तिला इंडक्शन शेगडी कशी चालते ते समजावून सांगितलं. मला समजावून सांगायला आवडतं.

सांगितलं ते सगळं खरं होतं. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा पालटणारी वीज वाहते आणि वर सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात लोखंडाचं बूड आलं की बुडातच भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात. तत्त्व मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलेलं. शेगडी आच देत नाही, भांडंच तापतं. काच गरम होते ती वरच्या भांड्यामुळे. लोखंडात हे प्रवाह अगदी पातळ थरात कोंडले जातात, तिथे त्यांना अडथळा जास्त, म्हणून उष्णता भरपूर. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीत आणि विजेलाही फारसं अडवत नाहीत. म्हणून घरगुती शेगडी त्यांना भांडं मानतच नाही. टीं टीं करून बंद पडते.

स्टीलचं ऐकून आईला नवल वाटलं. तिची जाड, कधी गंज न चढलेली पातेली चुंबकाला चिकटेनात, आणि कुणाच्या तरी बारशात मिळालेला हलका डबा मात्र टक्कन चिकटला. मी कारण सांगितलं. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेलं, ३०४ नंबरचं म्हणतात ते स्टील. निकेलमुळे त्याची आतली घडणच अशी होते की चुंबक धरत नाही. निकेल नसलेलं ४३० नंबरचं धरतं. दुकानात ट्रायप्लाय म्हणून विकतात त्या भांड्यात आतून पहिलं, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेरून चुंबकाला धरणारं, असे तीन थर दाबलेले असतात.

"बरं," आई म्हणाली.

हे "बरं" मी होकार म्हणून नोंदवून घेतलं.

मी सहकारी बँकांचं ऑडिट करतो. तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासून एक खोड लांबूनही ओळखू येते. आधी खर्च करायचा आणि मग त्याला शोभेल असं व्हाउचर बनवायचं. अशा व्हाउचरवरचा प्रत्येक आकडा बरोबर असतो. सही असते, शिक्का असतो. खोटी असते ती फक्त तारीख. मी माझ्या घरात नेमकं हेच केलं, आणि ते स्वतःशी कबूल करायला मला एक वर्ष आणि सात महिने लागले.

झालं ते असं. त्या चुंबकाच्या रविवारच्या पंधरा दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी दूध तापायला ठेवलं. एरवी ते काम आईचं. जेवण झालं की ती तासभर आडवी होते आणि तीनला उठून दूध तापवते. त्या दिवशी तिचा डोळा लागला होता म्हणून मी ठेवलं. चांगल्या मनानं ठेवलं, हेही लिहितो. गॅस बारीक केला, तेवढ्यात फोन आला आणि बोलत बोलत मी गॅलरीत गेलो. दूध उतू गेलं, ज्योत विझली, नॉब चालूच राहिला. साध्या शेगड्यांना ज्योत विझली की गॅस बंद करणारी सोय बहुधा नसते. आमच्या शेगडीला नव्हती.

बायको बाहेरून आली आणि दारातच तिला वास आला. तिनं दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी नॉब, मग रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, खाली बसलेला गॅस निघून जावा म्हणून दार सताड उघडं ठेवलं. सगळं बरोबर केलं. मग घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा तिचा चढला: "आई, अहो गॅस तसाच राहिला होता! काय झालं असतं?"

आई पलंगावर उठून बसली होती. केस विस्कटलेले, चष्मा हातात. तिनं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गॅलरीच्या दारात होतो, फोन अजून हातातच. ती म्हणाली, "ठेवलं असेल मी."

"नाही, मी ठेवलं होतं." हे चार शब्द तेव्हा म्हणायचे होते. मी म्हणालो, "असू दे गं आई, होतं असं या वयात."

ते वाक्य मी का बोललो याचा मी खूप विचार केला आहे. भीती होती, हे खरं. बायकोचा चढलेला आवाज माझ्यावर वळू नये असं वाटलं. पण भीती दोन मिनिटांत ओसरली होती. संध्याकाळी चहा पिताना सांगता आलं असतं. तोपर्यंत मात्र मला त्या गप्प राहण्याची सोय वाटायला लागली होती. दोष तिच्या नावावर पडला आणि मी क्षमा करणारा झालो. ती जागा फार आरामाची असते.

त्याच रात्री मी इंडक्शन शेगड्या बघायला लागलो.

आता व्हाउचरं. पहिलं सुरक्षिततेचं. ज्योत नाही, गळती नाही, भांडं उचललं की शेगडी थांबते. शहात्तर वर्षांच्या बाईसाठी याहून चांगलं काय? हे सगळं खरं. पण ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्या बाजारात होत्या. गॅस गळला की ओरडणारं यंत्र भिंतीला लावता आलं असतं. मी त्यांचा विचारही केला नाही. कारण त्या उपायांमध्ये "हे आईमुळे करावं लागलं" असं मोठ्यानं सांगण्याजोगं काही नव्हतं. मला एक मोठी, सगळ्यांना दिसणारी वस्तू हवी होती. ती ओट्यावर असेपर्यंत त्या दुपारचा निकाल लागलेला राहणार होता.

दुसरं व्हाउचर बचतीचं. बायकोला मी कागदावर हिशेब करून दाखवला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यातली सगळी उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर साधारण १८० युनिट. गॅसची बरीच आच भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. घरगुती वापरात साठ टक्के भांड्याला मिळाली तरी पुष्कळ. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळते. म्हणजे एका सिलिंडरचं काम सव्वाशे युनिटांत. इथवर हिशेब चोख. पुढे मी युनिटचा दर लावला तो महावितरणच्या पहिल्या टप्प्याचा, शंभर युनिटांपर्यंतचा. आमच्या घरात फ्रिज, गिझर, धुण्याचं यंत्र मिळून महिन्याला शंभर युनिट आधीच संपतात. शेगडीचं प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यात पडणार होतं आणि तिथला वीज आकार तेव्हा पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं की युनिट बारा रुपयांच्या वर जात होतं. सव्वाशे युनिटांचे पंधराशे रुपये, आणि सिलिंडर तेव्हा नऊशेच्या आसपास होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीजबिल दर महिन्याला मीच तपासतो. एखाद्या शाखाधिकाऱ्यानं असा दर लावून मला कागद दिला असता तर मी लाल शाईनं गोल केला असता. स्वतःच्या कागदावर ती शाई मला सापडली नाही.

तिसरं व्हाउचर हवेचं. जळत्या गॅसमधून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, बंद स्वयंपाकघरात तो छातीला वाईट, हे मी सोसायटीच्या गच्चीवर चार जणांना ऐकवलं. आपल्या घरापुरतं ते बरोबरही आहे. पण आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशावर होते. चंद्रपूरचं केंद्रच २,९२० मेगावॉटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा. माझ्या ओट्यावरून गेलेला धूर कुणाच्या तरी अंगणात उतरतो. हे मी गच्चीवर बोललो नाही. बोललो असतो तरी शेगडी घेतलीच असती, आणि त्यात गैर काही नव्हतं. गैर एवढंच, की मी छाती फुगवून सांगत होतो आणि मूळ कारण कुणी विचारू नये याची काळजी घेत होतो.

दुकानात मी चांगली चौकशी केली. दोन हजार वॉटची शेगडी जवळपास नऊ अँपिअर ओढते, तिला मिक्सरचा छोटा पॉइंट चालत नाही. मोठ्या पिनांचा, सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळी जाड वायर ओढून घेतली, तिला स्वतंत्र एमसीबी बसवला. काचेवर भांडं आपटायचं नाही, पंख्याच्या जाळीसमोर भिंत नको, भांड्याचं बूड सपाट आणि निदान बारा सेंटिमीटरचं हवं, हे सगळं विचारून घेतलं. विक्रेत्याला मी वीस प्रश्न विचारले असतील. जी बाई रोज त्या शेगडीपुढे उभी राहणार होती तिला एकही विचारला नाही. तिला दुकानातही नेलं नव्हतं.

आणि तिला नव्याचं वावडं होतं म्हणावं तर तसं मुळीच नाही. बार्शीला ती चुलीपुढे वाढली. लग्न होऊन पुण्यात आली ती रॉकेलच्या स्टोव्हवर. पिन मारताना बोटं काळी होत. गॅसचा नंबर तिनं स्वतः लावला होता, वडिलांना न सांगता, आणि सिलिंडर दारात आला तेव्हा वर्षानुवर्षांची वाट संपली म्हणून पेढे वाटले होते. एका आयुष्यात तीन इंधनं तिनं बदललेली. चौथं तिच्यावर लादलं गेलं.

फरशीवरच्या भांड्यांचं पुढे काय झालं ते लिहायला हात अडतो. ॲल्युमिनियमचा कुकर, हिंडालियमची कढई, तांब्याच्या बुडाची दोन पातेली आणि ते पितळी पातेलं. त्या पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचं नाव कोरलेलं होतं. दर दोन वर्षांनी आई त्याला कल्हई करून आणायची. मी सगळं मोडीत घातलं. तुळशीबागेकडच्या एका दुकानात तराजूवर ठेवलं, किलोनं भाव झाला, तो नव्या ट्रायप्लाय सेटच्या किमतीतून वजा झाला. "नेऊ ना?" असं मी घरून निघताना विचारलं होतं. आई म्हणाली, "ने. मला आता कुठं काय कळतंय." मी ते ऐकलं. पिशवी उचलून लिफ्टमध्ये शिरलो.

बिडाचा तवा तेवढा चुंबकाला चिकटला होता म्हणून वाचला. पण भाकरीनं माझी सगळी माहिती उघडी पाडली. तवा मोठा, खालचं वेटोळं लहान. मध्ये भाकरी करपायची आणि कडा पांढऱ्या राहायच्या. आईची पद्धत अशी, की भाकरी तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी लावायचं, मग ती उलटायची, आणि शेवटी थेट ज्योतीवर फुगवायची. इथे ज्योतच नाही. फडक्यानं दाबून दाबून ती फुगवायचा प्रयत्न करायची. तवा जरा तिरका करून बघावा तर शेगडी थांबायची. "जरा उचललं की बोंबलतं," ती म्हणायची. लोखंडी कढई चुंबकाला चिकटत होती पण बुडाशी गोल, काचेवर टेकायची फक्त एका ठिपक्यावर. फोडणीची पळी शेगडीला दिसायचीच नाही. वांगं भाजणं बंद झालं, पापड तळायचेच. आई एकदाही कुरकुरली नाही. नव्या वस्तूवर राग काढावा एवढाही अधिकार तिला आता उरला नाही असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

कारण त्या दुपारनंतर ती आक्रसत गेली. हे रोज डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्याला वय म्हणत होतो. रात्री झोपण्याआधी ती दोनदा स्वयंपाकघरात जाऊन यायची. पासबुक भरायला एकटी जायची ते सोडलं, "तूच ये बाबा बरोबर, मी काहीतरी घोळ घालीन." मावशीशी फोनवर बोलताना मी ऐकलं, "माझं आता काही खरं नाही. परवा गॅस विसरले, सगळ्यांना घेऊन गेले असते." ते "परवा" वर्षभर परवाच राहिलं. दिवाळीत तिनं चकलीची भाजणी बायकोला मापं सांगून करायला लावली आणि मग ती मापं बरोबर आहेत का म्हणून तीन जणींना फोन केले. पन्नास वर्षं ती भाजणी तिच्या हातात होती.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून घेऊ या." आम्ही आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तिनं सगळं केलं. प्रत्येक उत्तराआधी मात्र माझ्याकडे बघायची. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "विसरण्याचं पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?"

मी तारीख सांगितली. त्या गॅसच्या दुपारची. डॉक्टरांनी ती लिहून घेतली.

एक माणूस घाबरून दोन मिनिटं गप्प बसतो, ते मी समजू शकतो. बचतीच्या कागदावर सोयीचा दर लावतो, त्यालाही हसून सोडता येईल. पण शुद्धीवर असताना, समोर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून, माझी चूक मी माझ्या आईच्या आजाराची पहिली नोंद म्हणून फाइलमध्ये घालून दिली. त्या खोलीत मला कुणाचीही भीती नव्हती. फक्त सवय झाली होती.

तोंड उघडलं ते एका परक्या माणसामुळे. मार्चअखेरीनंतर एका शाखेत तपासणीला गेलो होतो. एका नोंदीला आधाराचा कागद नव्हता. सही तिथल्या वरच्या साहेबांची, पण साहेब शेजारी बसून पंख्याकडे बघत होते. मी कारकुनाला विचारलं. पोरगा तिशीच्या आतला. त्यानं एकदा साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहिलं असेल सर माझ्याकडून."

त्या "असेल"मधला पोकळपणा मला लगेच कळला. ज्यानं केलेलं असतं तो "राहिलं" म्हणतो. न केलेलं अंगावर घेणारा म्हणतो, "राहिलं असेल." मी शेरा साहेबांच्या नावानं लिहिला. तिथे शूर होणं सोपं होतं. बसमध्ये बसल्यावर मात्र मला गॅलरीचं दार दिसायला लागलं.

त्या संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी समोर खाली बसलो आणि सांगितलं. घोळवून सांगणार नाही असं ठरवलं होतं तरी सुरुवात घोळवूनच झाली. तिनं हातातली काडी ठेवली.

"दूध तू ठेवलं होतंस?"

"हो."

"म्हणजे मी झोपलेच होते?"

"हो, आई."

बराच वेळ ती मेथीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला आठवत होतं झोपल्याचं. स्वप्न पडलं होतं ते पण आठवत होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून मला वाटलं, आपलं आठवणंच खोटं."

क्षमा मागायची म्हणून मी काही वाक्यं बसमध्ये तयार केली होती. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. तिची आठवण शाबूत होती. मी ती मोडीत घातली होती.

ती रागावली, आणि ते मला बरं वाटलं हेही सांगून टाकतो. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पातेलं मिळेल का परत?" मी दुकानात गेलो. दुकानदार हसला नाही, चांगला माणूस होता, म्हणाला, "मोड इथे थांबत नाही हो, भट्टीला जाते." तिथून कसब्यात तांबट आळीत गेलो, ठोक्यांच्या आवाजात तासभर हिंडलो, तसंच एक पातेलं मिळतं का बघितलं. तशीच होती. पण त्यांच्या काठावर काही कोरलेलं नव्हतं, आणि कोरून आणणं म्हणजे आणखी एक मागच्या तारखेचं व्हाउचर झालं असतं. रिकाम्या हातानं परतलो आणि तसं आईला सांगितलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी त्यांच्यावर ओरडले होते." तिच्याही वाट्याला मी एक अपराध देऊन ठेवला होता. डॉक्टरांकडे जाऊन ती तारीख दुरुस्त करून घेतली. त्यांनी जुनी ओळ खोडली नाही, खाली नवी लिहिली आणि तारीख घातली. हिशेबातही असंच करतात. चुकीची नोंद खरडून काढायची नसते. ती वाचता येईल अशी ठेवून खाली दुरुस्तीची नोंद टाकायची. मी हे शेकडो लोकांना शिकवलं आहे.

आता स्वयंपाकघरात दोन्ही आहेत. माळ्यावरची गॅसची शेगडी विकून नवी आणली, ज्योत विझली की गॅस तोडणारी. या वेळी दुकानात आई होती. तिनं बर्नरमधलं अंतर बघितलं, मोठा तवा आणि कुकर शेजारी शेजारी मावतील का ते हातानं मोजलं, नॉब घट्ट आहे की सैल ते फिरवून पाहिलं. हे तीन प्रश्न माझ्या वीस प्रश्नांत नव्हते. इंडक्शनही तिनं काढू दिली नाही. "दुधाला चांगली आहे ती," म्हणाली, "वेळ लावली की आपली बंद होते. कुकरला पण बरी." चहा, दूध, वरण-भात इंडक्शनवर, भाकरी, फोडणी, वांगं आणि पापड गॅसवर. शंभर युनिटांच्या पुढचा भार त्यामुळे निम्म्यावर आला. मी न मागता हे घडलं आणि मी त्याचा कागद केला नाही.

मी आठवड्यातून तीन संध्याकाळी इंडक्शनवर भाजी करतो. प्रायश्चित्त वगैरे नाही. प्रायश्चित्त म्हटलं की पुन्हा मी मधोमध येतो. ज्या वस्तूबद्दल मी एवढं समजावून सांगत होतो तिच्यापुढे उभं राहून बघावं, एवढंच. बारीक आचेवर ठेवलं तर ती सलग मंद तापत नाही, थांबून थांबून धक्के देते. कांदा मध्ये लागतो आणि कडेला कच्चा राहतो. सतत हलवावं लागतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. विकत घेण्याआधी एक दिवस आईला कुणाच्या तरी घरी अशा शेगडीवर भाकरी थापून बघ म्हटलं असतं तर तिनं संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं असतं.

पासबुक भरायला ती पुन्हा एकटी जाते. या दिवाळीला भाजणी तिनं अंदाजानं केली, कुणाला फोन केला नाही. मावशीला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. रात्री सगळे दिवे मालवले की तिच्या चपलांचा आवाज येतो. ती स्वयंपाकघरात जाते, अंधारात नॉबवर हात ठेवते, मग रेग्युलेटरवर. परत येते. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा उठते. खरं काय ते तिला आता माहीत आहे, तरी उठते. एकदा मी म्हणालो, "आई, मी बघितलंय, बंद आहे."

ती म्हणाली, "असेल." आणि बघायला गेली.